कासमचाचांची मोजणी

आमच्या घरात ट्यूबलाइट बदलायची असली, तरी आधी सगळ्यांना अंगणातल्या बदामाखाली उभं राहावं लागायचं. ट्यूब मी बदलणार, स्टूल माझं, अंधार आमच्या स्वयंपाकघरात. पण नियम कासमचाचांचा. ते पाच मिनिटं काम समजावून सांगायचे, धोके सांगायचे, स्टुलाचे चारही पाय हलवून बघायचे. काम संपलं की पुन्हा बदामाखाली. मग एकेकाकडे बोट रोखत ते मोजायचे आणि खणखणीत आवाजात जाहीर करायचे, "पाच. सगळे सुखरूप." त्यानंतर घरात जायची परवानगी.

बदामाच्या बुंध्याला त्यांनी हिरवी पाटी बांधली होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात चार बाण आणि खाली 'असेंब्ली पॉइंट', म्हणजे आगीच्या वेळी जमायची जागा. बहरीनमधल्या अदलियात आमच्या गल्लीत अजून चार-पाच जुने व्हिला आहेत, बाजूला दोन कॅफे आहेत. कॅफेत येणारी माणसं फाटकातून ती पाटी बघायची आणि हा कोणता कारखाना असावा, असा चेहरा करून पुढे जायची.

आमचा व्हिला दुमजली. खाली मी, माझी बायको वैशाली आणि आठ वर्षांची रेवा. वर केरळचे जोसेफ आणि लीना. फाटकाजवळच्या एकट्या खोलीत कासमचाचा. म्हणजे माणसं सहा. तरी मोजणी नेहमी पाच.

पहिल्यांदा मला वाटलं, मोजताना चूक होते आहे. मी अदबीने म्हटलं, "चाचा, आपण सहा आहोत."

"मोजणारा मोजायचा नसतो, बीएस्सी," ते म्हणाले. "यार्डातला नियम हाय. मी समोरच्यांना मोजतो. मी काय पळून चाललोय?"

मला ते 'बीएस्सी' म्हणायचे. मी सित्र्याच्या कारखान्याच्या यार्डात रंगकामाच्या तपासणीला लागलो, त्या पहिल्या दिवशी कोणी नाव विचारलं की मी नावाआधी पदवी सांगत होतो. वडिलांचं परंड्यात सायकल दुरुस्तीचं दुकान. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ती पदवी जपून ठेवलेल्या नव्या शर्टासारखी मी सगळीकडे घालून फिरत होतो. चाचा तिथे सेफ्टी सुपरवायझर. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, नजर पायांवर थांबली.

"बीएस्सी ठीक हाय. बूट कुठे हाय?"

कंपनीचे बूट मिळायला आठवडा लागणार होता. चाचांनी स्वतःच्या कपाटातली दुसरी जोडी काढून दिली. एक नंबर मोठी होती. त्यांनीच पुढे वर्तमानपत्राचा बोळा घालून दिला. पुढे ही खालची जागा रिकामी झाली, तेव्हा घरमालकाकडे माझ्यासाठी शब्द टाकला तोही त्यांनीच. वैशालीला आणि रेवाला मी इथे आणू शकलो, ते त्या एका शब्दामुळे.

चाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावचे. बहरीनला आले तेव्हा सगळे केस काळे होते, एवढाच हिशोब ते सांगायचे. बायको, खैरुन्निसाचाची, सहा वर्षांपूर्वी गावी वारल्या. मुली दोन, एक पनवेलला दिलेली, एक मस्कतला. गावचं घर बंद. किल्ली शेजारच्यांकडे.

माणूस उंच, किडकिडीत, आवाज मात्र दोन माणसांचा. कुठल्याही प्रसंगी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "घाई कोणाला हाय?" विमानाला उशीर होत असला तरी हाच प्रश्न. एकदा लीनाच्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. मोठा आवाज झाला, डाळ छताला लागली. चाचांनी गळ्यातली शिट्टी फुंकली. जोसेफ टॉवेल गुंडाळून, डोक्याला साबण लावलेला, बदामाखाली येऊन उभा राहिला.

"चाचा, साबून आँख में जा रहा है!" तो ओरडला.

"आँख एक है क्या? दूसरी से देखो. घाई किसको है?" चाचांनी मोजणी पूर्ण केली. "पाच. सगळे सुखरूप. जाव, धुवून ये."

या मोजणीपायी ते स्वतः एकदा अडकलेही होते, आणि तो किस्सा तेच हसत हसत सांगायचे. यार्डात आगीचा सराव झाला. चाचांनी बेचाळीस माणसं मोजली, बेचाळीस बसमध्ये चढवली, ड्रायव्हरला 'यल्ला', म्हणजे चल, म्हटलं आणि बस निघाली. चाचा रस्त्यावरच. ड्रायव्हरकडच्या कागदावर बेचाळीस, बसमध्ये बेचाळीस. कोणाला काही कमी वाटलं नाही. "मोजणी एकदम बरोबर होती रे," ते म्हणायचे. "मीच तिच्यात नव्हतो."

आम्ही सगळे हसायचो. मीही.

मुंगूस आलं ते मार्चच्या सुमारास. वैशालीला ते सकाळी दिसलं, भिंतीच्या कडेने लगबगीने जाताना. ती बार्शीकडची. मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो, असं तिच्या माहेरी सगळे मानतात. तिने आईला फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसलं, पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी त्याने दाराखालच्या फटीतून येऊन मोदकासाठी ठेवलेलं सारण खाल्लं. चौथ्या दिवशी लीनाची सहा अंडी गेली. पाचव्या दिवशी कचऱ्याचे तिन्ही डबे आडवे झाले आणि माशांची डोकी फाटकापर्यंत पसरली.

"आता पुरे झालं शुभ," वैशाली म्हणाली.

चाचा मात्र त्याच्यावर खूश. "हा आपलाच माणूस. कोणी तरी कधीतरी इंडियातून आणलेला, हितंच राहिला. फ्री विसावाला. सीपीआरचं ओळखपत्र नाय, कंपनी नाय, तरी पोट भरतोय."

घरमालक अबू युसूफ खूश नव्हता. त्याची मांजर घाबरून गच्चीवर जाऊन बसली होती. तो फाटकात उभा राहून चाचांशी हिंदीत बोलला. इथल्या जुन्या माणसांना हिंदी चांगली येते. "कासम, अगले गुरुवार तक. उसके बाद मेरा आदमी आएगा, दवा डालेगा, खलास."

दवा म्हणजे विष. चाचांचा चेहरा मी पहिल्यांदाच इतका कडक झालेला बघितला.

"जहर नहीं, अबू युसूफ. मैं पकडूंगा. जिंदा."

"गुरुवार," अबू युसूफ म्हणाला आणि गेला.

हातात आठ दिवस होते. दुसऱ्या कोणी त्यात आठ वेळा मुंगूस पकडलं असतं. चाचांनी पहिला दिवस परमिट लिहिण्यात घालवला. यार्डात कुठलंही काम परमिटशिवाय सुरू होत नाही, आणि जुन्या नमुन्याच्या कोऱ्या परमिटांचा एक गठ्ठा त्यांच्याकडे होता. कामाचं स्वरूप: मुंगूस धरणे. जागा: अंगण. संभाव्य धोका: चावा. उपाय: वेल्डिंगचे हातमोजे, बूट, हेल्मेट.

"हेल्मेट कशाला, चाचा?" मी विचारलं. "ते वरून पडणार आहे का?"

"वरून पडणार नाय, हे तुला त्यानं सांगितलंय काय?"

मी साक्षीदाराची सही केली.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या कोंबडीवाल्याकडून पिंजरा आला. लोखंडी जाळीचा, आत शिरलं की मागे दार खाली पडणारा. चाचांनी आत तारली मासळी लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी तारली गायब, पिंजरा उघडा. चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी चाचांनी तारली बदलून कोंबडीची काळीजं ठेवली. तीही गेली. मुंगसाने डब्यांकडे बघणं सोडून दिलं, कारण आता त्याला रोज वेळेवर जेवण मिळत होतं.

"हुशार हाय," चाचा कौतुकाने म्हणाले.

सहाव्या दिवशी मी वाकून नीट बघितलं. दाराच्या स्प्रिंगला एक लाल कुलूप लावलेलं होतं आणि कुलपाला चिठ्ठी: 'धोका. हे यंत्र चालवू नये. सही, कासम.' यार्डात दुरुस्तीच्या वेळी मशीन चुकून सुरू होऊ नये म्हणून तिला असं कुलूप घालतात. किल्ली ज्याने घातलं त्याच्याच खिशात.

"चाचा, हे कुलूप कोणी लावलं?"

"मी. रेवाचं बोट अडकलं असतं तर?"

"मग दार पडणार कसं?"

चाचांनी कुलूप दोनदा ओढून बघितलं. मग त्यांनी खिशातली किल्ली काढली, माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "जोसेफला सांगू नको."

जोसेफला ते वरच्या खिडकीतून ऐकू गेलं होतं. त्याचं हसणं कॅफेपर्यंत पोचलं असावं.

त्याच दुपारी मुंगूस स्वतःच आलं. भर उन्हात, आमच्या समोर. हे प्राणी असं करत नाहीत. एसीचं पाणी ठिबकतं तिथे ओल्या फरशीवर ते पडून राहिलं. आम्ही जवळ गेलो तरी हललं नाही. पाठीवरचे केस झडले होते, कातडी जाड, भेगाळलेली, एक डोळा चिकटलेला. इतके दिवस आम्ही त्याला फक्त पळताना बघितलं होतं, त्यामुळे हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

रेवा म्हणाली, "बाबा, इज ही डाइंग?"

चाचांनी शिट्टी फुंकली नाही. हातानेच सगळ्यांना मागे सारलं. "हात कोणी लावायचा नाय. आजारी जनावर घाबरून चावतं. त्याचा दोष नसतो." मग मला म्हणाले, "बीएस्सी, जनावरांच्या डॉक्टरला फोन लाव. काय करायचं ते विचार, आणि लिहून घे."

फोनवरच्या बाईने सांगितलं, ते मी लिहून घेतलं. नंतर कळलं की यातलं निम्मं चाचांच्या परमिटवर आधीच होतं: जाड हातमोजे, उघड्या हाताने स्पर्श नाही, मुलं लांब. बाकीचं असं, की वरून खोका अलगद ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा, अंधारात आणि शांत ठेवा.

चाचांनी ते एकट्याने केलं. मी पुठ्ठा धरायला पुढे झालो, तर म्हणाले, "तुझ्याकडे परमिट नाय." खोका ठेवताना मुंगसाने उरलेल्या ताकदीने हातमोज्याला दात लावले. चाचांनी हात ओढून घेतला नाही. तसाच धरू दिला. "चाव, चाव. घाई कोणाला हाय?" ते पुटपुटले. थोड्या वेळाने त्याने आपणहून सोडलं.

त्यांच्या जुन्या पिकअपमधून आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सांगितलं, खरूज आहे, वाढलेली आहे, पण औषधाने बरी होते. औषध मांसाच्या तुकड्यात लपवून द्यायचं. पंधरा-वीस दिवस पिंजऱ्यात, सावलीत ठेवायचं आणि बरं झालं की जिथे सापडलं तिथेच सोडायचं. लांब कुठे नेऊन सोडलं तर बिचारं जगत नाही. तुमचे कचऱ्याचे डबे घट्ट बंद करा, दाराखालच्या फटीला जाळी मारा, मग ते घरात येणार नाही.

टेबलावरच्या बाईने फॉर्म दिला. चाचांनी चष्मा लावला आणि सावकाश भरला. प्राणी सांभाळणारा: कासम. तुमच्या गैरहजेरीत कोण सांभाळेल: तिथे त्यांनी माझं नाव लिहिलं. माझा फोन नंबर त्यांना पाठ होता.

"माझं नाव कशाला, चाचा?"

"गैरहजर राहणार म्हणून."

मला आधी कळलंच नाही. पिकअपमध्ये बसल्यावर त्यांनी सांगितलं. कंपनीने विसा पुढे वाढवला नव्हता. वय झालं. महिन्याअखेरचं तिकीट हातात होतं. दोन महिन्यांपासून त्यांना माहीत होतं.

"दोन महिने? आणि आम्हाला सांगितलं नाही?"

"सांगून काय झालं असतं? तू केक आणला असतास. मला क्रीम पचत नाय." पिकअप मी चालवत होतो, खोका त्यांच्या मांडीवर होता. "हा बरा व्हायला पायजे तेवढ्यात. इंशाल्ला. अर्धं काम टाकून जायची मला सवय नाय."

गुरुवारी अबू युसूफ आला. चाचांनी त्याला आधी हेल्मेट दिलं. काय चाललंय हे कळायच्या आत त्याने ते घातलं होतं. पिंजऱ्याभोवती लाल-पांढरी पट्टी, पट्टीवर परमिट, परमिटवर सही-शिक्का. पट्टीच्या आत मुंगूस काळीज खात होतं. अबू युसूफने परमिट वाचलं, मुंगसाकडे बघितलं, चाचांकडे बघितलं. मग पोट धरून हसला.

"कासम, तुम जाओगे तो मेरे घर में कौन हँसाएगा?"

त्याला माहीत होतं. खोली सोडायची म्हणून चाचांनी त्याला सांगितलेलं असणार.

"एक भी डब्बा गिरा तो दवा," जाताना तो म्हणाला. हेल्मेट काढायचं विसरला.

पुढचे अठरा दिवस चाचा यार्डातून आले की आधी डब्यांची झाकणं तपासायचे. रबराचे पट्टे त्यांनीच बसवले, जाळीही मारली. रेवाने मुंगसाचं नाव ठेवायचं ठरवलं, तर त्यांनी मनाई केली. "नाव ठेवलं की सोडताना जड जातं." पण संध्याकाळी कपडे वाळत घालायला मी बाहेर आलो की पट्टीच्या पलीकडे स्टुलावर बसलेले चाचा मला दिसायचे. "काय रे फ्री विसा, जेवलास काय? आज दोन तुकडे टाकलास. खाडीवरचा मासा खाल्ला असतास तर हे थोबाडात धरलं नसतंस." मग चाचींच्या हातचं माशाचं तिखलं कसं असायचं, ते बराच वेळ त्याला समजावून सांगायचे. मुंगूस ऐकायचं. दुसरा उपाय नव्हता त्याला.

केस आले. डोळा उघडला. चाचांच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे बदामाखाली जमलो. पाच मिनिटांचं भाषण झालं: कोणी ओरडायचं नाही, वाट अडवायची नाही, रेवाने लीनाचा हात धरायचा. चाचांनी कुलूप काढलं आणि पिंजऱ्याचं दार उघडलं.

मुंगूस बाहेर येईना. दहा मिनिटं ते दारात बसून राहिलं.

"गो, मॅन!" जोसेफ कुजबुजला.

"घाई कोणाला हाय?" चाचा म्हणाले. त्या दिवशी ते खरंच तसं विचारत होते, असं मला वाटलं.

शेवटी ते निघालं. भिंतीच्या कडेने, तिच्यातल्या भोकातून पलीकडे शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये. जाताना वळून वगैरे बघितलं नाही. चाचांनी बोट उचललं. माझ्यावर, वैशालीवर, रेवावर, जोसेफवर, लीनावर, मग त्या भोकाकडे.

"सहा. सगळे सुखरूप."

मुंगूस धरून सहा. मोजणारा याही वेळी बाहेरच.

विमानतळावर आम्ही पाचही गेलो. दारापाशी चाचांनी गळ्यातली शिट्टी काढून रेवाच्या गळ्यात घातली. सवयीने आम्हाला मोजलं, "पाच" म्हणाले, बॅग ओढत आत गेले. काचेपलीकडे ते रांगेत उभे होते, सगळ्यांपेक्षा उंच, आणि आम्हाला बसमध्ये चढवलेल्या त्या बेचाळीस माणसांचं गणित आठवत होतं. या वेळी कोणी हसलं नाही.

पुढच्या शुक्रवारी सकाळी रेवाने शिट्टी फुंकली. कोणी काही ठरवलं नव्हतं, तरी आम्ही बदामाखाली जमलो. मी चाचांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे कावळे ओरडत होते, कुठेतरी नारळ सोलल्याचा आवाज येत होता.

"काय रे बीएस्सी! डबे?"

"एकही पडला नाही. मुंगूस काल भिंतीवर दिसलं. गुबगुबीत झालंय." मी एकेकाकडे बोट रोखलं, त्यांच्यासारखंच. "चाचा, इथली मोजणी: पाच, आणि भिंतीपलीकडे एक. सगळे सुखरूप. आता तिकडची द्या."

"हिकडची?" ते हसले. "हिकडे कोणाला मोजू? घरात कोणी नाय."

"तुम्ही आहात ना."

"मोजणारा..."

"मोजणारा आज मी आहे, चाचा. तुम्ही समोरचे."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. जोसेफने विचारलं, लाइन कट गई क्या? मी हाताने त्याला थांबवलं. घाई कोणालाच नव्हती.

मग खूप हळू, चाचांचा वाटणारच नाही अशा आवाजात ऐकू आलं, "एक."

त्यांनी घसा खाकरला. आणि पुन्हा, यार्डातल्या आवाजात, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाले:

"एक. सुखरूप."